विलंबाचा हिशेब कोणाच्या वहीत?

बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या वाटेवर लिंबागणेश हे गाव आहे. भालचंद्र गणपतीचे हे स्थान. भालचंद्र म्हणजे कपाळी चंद्र धारण करणारा, आणि आपल्याकडे काळ मोजला जातो तो चंद्राच्या कलांनीच. पुढील वर्षाची संकष्टी कोणत्या वारी येणार आणि त्या दिवशी चंद्रोदय किती वाजता होणार, हे या गावातील पोरसुद्धा पंचांग उघडून सांगू शकते. परंतु गावातील शाळेची नवी खोली केव्हा उभी राहणार, पाण्याच्या टाकीत पाणी केव्हा चढणार किंवा वाटेवरचा पूल केव्हा खुला होणार, असे कोणी विचारले तर सरपंचापासून अभियंत्यापर्यंत सर्वांचे उत्तर एकच असते, ‘काम चालू आहे.’ ही अवस्था लिंबागणेशाचीच आहे असे नव्हे. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्याचे नाव येथे घातले तरी वाक्य खरेच ठरेल.

सार्वजनिक बांधकामे उशिरा होतात याविषयी आता कोणी आश्चर्य करीत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ च्या अहवालात दीडशे कोटी वा त्याहून अधिक खर्चाच्या १,८२० प्रकल्पांची नोंद होती आणि त्यांपैकी ८४८ प्रकल्प मुदतीमागे होते. खुद्द बीड जिल्ह्याला याचा दाखला बाहेर शोधावा लागत नाही. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे ३५३ कोटी रुपये होता. आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहराने पहिली आगगाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्या दिवशीही बीड ते परळी हा टप्पा अपुराच होता. दरम्यान अंदाजित खर्च ४,८०५ कोटींवर पोहोचला होता. ज्या मुलाने मंजुरीची बातमी पाळण्यात ऐकली, तो गाडी पाहावयास आपल्या मुलाला घेऊन गेला असेल.

साडेतेरापट वाढलेल्या या खर्चाला ‘महागाई’ हे एकच उत्तर देण्याची प्रथा आहे. तीस वर्षांत साडेतेरापट याचा अर्थ दरसाल सुमारे नऊ टक्के चक्रवाढ. यातील काही भाग भाववाढीचा आहे हे उघडच आहे. काही भाग भूसंपादनाच्या वाढलेल्या मोबदल्याचा आहे. २०१३ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमिनीची अधिक भरपाई मिळू लागली आणि ती मिळावयास हवीच होती. काही भाग कामाच्या बदललेल्या व्याप्तीचा असेल. परंतु काम वेळेवर झाले असते तर भाववाढ आणि नवा मोबदला यांचा मोठा हिस्सा द्यावाच लागला नसता. विलंब म्हणजे खर्चाला लागलेले व्याज होय. हे व्याज कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या हातून चढले, याची फोड सामान्य नागरिकाला कोठेही एकत्र वाचावयास मिळत नाही. खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

तीन प्रकारचे उशीर

‘उशीर झाला’ या दोन शब्दांत किमान तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक उदाहरण कल्पनेने घेऊ. लिंबागणेशासारख्या गावात वीस लाख रुपयांचे शाळेच्या दोन खोल्यांचे काम निघाले आणि मुदत नऊ महिन्यांची ठरली, असे समजा. जुनी पडकी इमारत पाडून जागा मोकळी करून देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य होते. ते तीन महिने लांबले. पुढे पावसाळ्यात अतिवृष्टी झाली आणि पायाचे खड्डे पाण्याने भरून राहिले. दिवाळीनंतर जिल्ह्यातील मजूर नेहमीप्रमाणे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे गेले आणि कंत्राटदाराला गवंड्यांच्या हाताखाली माणसे मिळेनात. शेवटी खोल्या नऊऐवजी अठरा महिन्यांनी उभ्या राहिल्या. मग कागदावर शेरा पडतो: ‘अपरिहार्य कारणास्तव विलंब.’

हा शेरा सोयीचा आहे. सर्व दोष त्यात विरघळून जातो आणि म्हणूनच तो घातक ठरतो. जागा न मिळाल्यामुळे झालेला उशीर काम देणाऱ्याचा आहे. त्याबद्दल कंत्राटदाराला मुदतही वाढवून मिळावयास हवी आणि त्या काळात अडकून पडलेल्या यंत्रांचा व माणसांचा खर्चही. अतिवृष्टीचा उशीर कोणाचाच नाही. त्याबद्दल मुदत मिळते, पैसा मिळत नाही. मजुरांचे स्थलांतर ही मात्र दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी गोष्ट आहे. बीड जिल्ह्यात काम घेणाऱ्याने ती निविदा भरतानाच हिशेबात धरावयास हवी. हा उशीर कंत्राटदाराचा असून त्याबद्दल त्याला मुदत नाही, पैसा नाही, उलट दंड आहे. जगभरच्या बांधकाम-करारांचा पाया हाच आहे: उशीर ज्याच्या कर्तव्यच्युतीमुळे झाला त्याने त्याची किंमत द्यावी, आणि जो कोणाच्याच हातचा नव्हता त्याचा भार दोघांनी वाटून घ्यावा.

त्यातही एक सूक्ष्म गोष्ट आहे. प्रत्येक खोळंबा साऱ्या कामाला खोळंबवीत नाही. छत पडण्यापूर्वी खिडक्यांची तावदाने महिनाभर उशिरा आली तरी काही बिघडत नाही, कारण ती बसवावयाची वेळच आलेली नसते. पण छताच्या सळया महिनाभर उशिरा आल्या तर पुढचे सगळेच महिनाभर पुढे जाते. कामांची जी साखळी एकापाठोपाठ एक अशीच व्हावी लागते, तिला अभियंते ‘क्रांतिक मार्ग’ म्हणतात. विलंबाचा दावा खरा की खोटा, हे या साखळीवर तपासावे लागते. त्यासाठी कामाच्या आरंभी एक वेळापत्रक हवे आणि ते महिन्यागणिक सुधारलेले हवे. लहान कामांच्या फायलींत असे वेळापत्रक शोधावयास गेले तर बहुधा कार्यारंभ आदेश आणि अंतिम देयक यांच्यामध्ये कोरी जागाच आढळते.

आळंदी नदीवरचा धडा

कायदा याविषयी मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम ५५ मुदतीसंबंधीच आहे. मुदत हा जर कराराचा गाभा असेल, तर ती टळल्यावर करार मोडण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षाला मिळतो. तसे नसेल तर करार मोडता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती फार थोड्यांच्या ध्यानात राहते. गाभ्याची मुदत टळून गेल्यावरही ज्याने उशिरा झालेले काम स्वीकारले, त्याने स्वीकारते वेळीच ‘मी भरपाईचा हक्क राखून ठेवीत आहे’ अशी सूचना दिली नसेल, तर पुढे त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याला जे कळले होते ते आजच्या कचेरीला पुष्कळदा कळत नाही: वेळेवर लिहिलेले एक पत्र नंतरच्या शंभर तक्रारींपेक्षा मोलाचे असते.

महाराष्ट्रातीलच एका खटल्याने हे ठळकपणे दाखवून दिले आहे. नाशिक डाव्या कालव्यासाठी आळंदी नदीवर जलसेतू बांधण्याचे काम जुलै १९५५ मध्ये एका कंत्राटदाराला देण्यात आले. मुदत बारा महिन्यांची होती. काम पूर्ण झाले नाही, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये शासनाने करार रद्द करून अनामत जप्त केली. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, अतिवृष्टी झाली, कामाच्या जागी पोहोचावयास धड रस्ता नव्हता आणि आणलेले साहित्य अधिकाऱ्यांनी विनाकारण नाकारले. खालच्या न्यायालयाने करार रद्द करणे चुकीचे ठरविले, उच्च न्यायालयाने ते योग्य मानले, आणि अखेर १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदाराच्या बाजूने निकाल दिला. कारण साधे होते. ज्या करारात मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे आणि उशिराबद्दल दंडाचीही तरतूद आहे, त्यात मुदत हा गाभा होता असे सहसा म्हणता येत नाही. शासनाने आधी वाजवी अशी नवी मुदत ठरवून द्यावयास हवी होती आणि तीही टळली तर करार मोडू, असे बजावावयास हवे होते. तसे केले गेले नाही.

बारा महिन्यांच्या कामाचा तंटा बावीस वर्षांहून अधिक काळ चालला. तंट्याच्या मुळाशी काय होते? बांधकामाचे तंत्र चुकले असा हा वाद नव्हता. कराराने जी हत्यारे हाती दिली होती, म्हणजे मुदतवाढ, सूचना, नवी तारीख, ती ठरलेल्या क्रमाने न वापरल्याचा हा परिणाम होता. इंग्रजीत ज्याला कराराचे प्रशासन म्हणतात ते हेच. ते सिमेंटइतकेच बांधकामाचे साहित्य आहे आणि ते निकृष्ट असले की इमारत उभी राहूनही तंटा उरतो.

पंच आणि खेळाडू एकच

आपल्या पद्धतीतला दुसरा दोष भूमिकांच्या सरमिसळीचा आहे. सरकारी कामावर कार्यकारी अभियंता हा एकाच वेळी अनेक जबाबदाऱ्या वाहतो. तो शासनाचा प्रतिनिधी म्हणून आदेश देतो, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींवर देयक प्रमाणित करतो, मुदतवाढीचा अर्ज हाताळतो, आणि कंत्राटदाराने ‘जागा मिळाली नाही’ अशी तक्रार केली तर ती खरी की खोटी हेही त्याच कचेरीत ठरते. म्हणजे ज्याच्या कचेरीकडून जागा मिळावयाची होती, त्यानेच ती दिली नाही असे लिहून द्यावे, ही अपेक्षा! माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावणारी व्यवस्था ही वाईट व्यवस्था होय.

सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५७ पासून बांधकाम-करारांचे नमुने प्रसिद्ध केले आहेत. त्यांतही अभियंत्याची नेमणूक काम देणाराच करतो. परंतु दाव्यावर निर्णय देताना त्याने तटस्थ राहिले पाहिजे, असे २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे. दावा करणाऱ्याने कारण कळल्यापासून २८ दिवसांत सूचना दिली पाहिजे, अन्यथा दावा बुडू शकतो, अशीही अट तेथे आहे आणि ती दोन्ही पक्षांना लागू आहे. नियम कठोर आहे, पण त्यामुळे आठवणींऐवजी नोंदी बोलतात.

दंडाच्या कलमाचीही अशीच गत आहे. सार्वजनिक बांधकामाच्या जुन्या निविदा-नमुन्यांत विलंबाचा दंड दररोज अंदाजित खर्चाच्या एक टक्का, किंवा अधीक्षक अभियंता ठरवील तितका कमी, आणि एकूण कमाल दहा टक्के, असा असे. हिशेब करून पाहावा. पूर्ण दराने दंड लावला तर तो दहाव्या दिवशी संपतो. अकराव्या दिवसापासून आळशी कंत्राटदाराला धाक उरत नाही. तो अतिकठोर म्हणून लावलाच नाही, तर दिवसाला नाममात्र रक्कम ठरविण्याची मुभा असल्याने सगळा प्रश्न अधिकाऱ्याच्या मर्जीचा होतो. जेथे मर्जी आली, तेथे मर्जीची किंमतही येते, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

कंत्राटदाराविषयी लोकांच्या मनात सहानुभूती नाही, आणि ती का नाही हेही समजण्यासारखे आहे. तरीही न्याय्य दाव्याचा पैसा अडवून ठेवल्याने लोकांचा फायदा होतो हा भ्रम आहे. वर कल्पिलेल्या शाळेच्या कामात कंत्राटदाराचे आठ लाख रुपये सहा महिने अडकले आणि त्याने ते सालाना बारा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर अठ्ठेचाळीस हजार रुपये व्याजातच जातात. ते कोठून भरून निघणार? एक तर पुढच्या निविदेत तो आपला दर वाढवील, नाही तर याच कामातील सिमेंटच्या गोण्या कमी होतील. पहिल्या वाटेने करदाता भरतो, दुसऱ्या वाटेने त्या खोलीत बसणारी मुले भरतात. जो प्रामाणिक आहे आणि दोन्ही वाटा ज्याला नकोत, तो सरकारी काम घेणेच सोडून देतो. मग मैदानात कोण उरतो? २०२५ साली राज्यभर कंत्राटदारांच्या संघटनांनी थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली, तेव्हा हा प्रश्न केवळ त्यांचा नव्हता.

शासन स्वतःच्या मुदतीच्या बाबतीत मात्र उदार असते. प्रत्येक ग्रामीण घराला नळाने पाणी देण्याची जलजीवन योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली, तेव्हा मुदत २०२४ ची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. योजना प्रचंड आहे आणि मुदतवाढ कदाचित आवश्यकही असेल. पण डोक्यावर हंडा घेऊन चार वर्षे अधिक चालणाऱ्या बाईला ही मुदतवाढ कोणी मागितली आणि कोणत्या कारणासाठी, हे तिच्या गावापुरते कोणी सांगितले काय?

येथे एक तुलना मनाला टोचते. पुण्यामुंबईकडे सदनिका घेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने संरक्षण दिले आहे. विकासकाने ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर त्या कायद्याच्या कलम १८ नुसार ग्राहकाला विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. ज्याने पैसे दिले त्याच्या वेळेलाही किंमत आहे, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले. लिंबागणेशच्या शेतकऱ्यानेही पैसे दिलेले असतात. तो काडेपेटीपासून खतापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतो. परंतु त्याच्या शाळेला, टाकीला, लोहमार्गाला उशीर झाला तर करारातील दोन पक्ष एकमेकांवर दावे करतात. ज्याच्यासाठी करार झाला तो तिसरा पक्ष मात्र कोणाच्याच वहीत नसतो. कंत्राटदाराचा दावा मंजूर झाला तर तो तिजोरीतून, म्हणजे त्याच्याच खिशातून दिला जातो. नामंजूर झाला तर त्याला काही मिळत नाही. तो दोन्हीकडून हरतो.

काय करता येईल

तंटे मिटविण्याच्या वाटा सुधारण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन निवाड्याला बारा महिन्यांची मुदत घालण्यात आली. जून २०२४ मध्ये तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी करारांत लवाद साधारणतः दहा कोटींहून कमी रकमेच्या तंट्यांपुरताच ठेवावा, असे सुचविले. लवाद असो, मध्यस्थी असो की न्यायालय, ही सर्व रोग झाल्यावरची औषधे आहेत. पथ्य कामाच्या जागीच पाळावे लागेल, आणि ते महागही नाही.

पहिले पथ्य असे की, जागा मोकळी, नकाशे तयार आणि पैशाची तरतूद हाती असल्याशिवाय कार्यारंभ आदेश काढू नये. निवडणुकीपूर्वी नारळ फोडण्याची घाई हीच पुष्कळ विलंब-दाव्यांची जननी आहे. दुसरे असे की, मुदतवाढीच्या अर्जावर ठराविक दिवसांत लेखी आणि सकारण निर्णय झालाच पाहिजे. जागेचा उशीर, पावसाचा उशीर आणि कंत्राटदाराचा उशीर यांचे दिवस त्यात वेगवेगळे मोजलेले असावेत; ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा शेरा कायमचा हद्दपार व्हावा. तिसरे, कामाची देखरेख करणारा आणि दाव्याचा निर्णय करणारा हे दोघे एका कचेरीतले नसावेत. जिल्ह्यातील लहान कामांसाठी दुसऱ्या विभागातील वा निवृत्त अभियंत्यांचे छोटे मंडळ काम चालू असतानाच तक्रारी ऐकू शकेल. चौथे, ही मुदतवाढीची नोंद गुप्त राहता कामा नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती मागण्याची वाट न पाहता ती आपण होऊन प्रसिद्ध करावी. कामाच्या जागी खर्च आणि कंत्राटदाराचे नाव लिहिलेला फलक लावतात. त्याच फलकावर मूळ तारीख, वाढविलेली तारीख आणि वाढीचे कारण या तीन ओळी लिहावयास किती रंग लागेल?

अशा फलकाने विलंब नाहीसा होईल असे नाही. पाऊस पडेल, जमिनीचे वाद निघतील, मजूर उसाच्या फडात जातील. पण ग्रामसभेत उठून शिक्षक विचारू शकेल की, फलकावरच्या दीडशे दिवसांपैकी नव्वद दिवस जागेअभावी गेले, तर ती जागा देणे कोणाचे काम होते? विलंबाचा हिशेब ज्या दिवशी दोन पक्षांच्या फायलींतून निघून गावाच्या भिंतीवर येईल, त्या दिवशी तो ठेवणाऱ्यांनाही नीट ठेवावा लागेल. लिंबागणेशच्या माणसाला चंद्रोदयाची वेळ आगाऊ कळते, कारण पंचांग प्रत्येकाच्या घरी टांगलेले असते. सरकारी कामाची वेळ कळत नाही, कारण त्याचे पंचांग कपाटात कुलूपबंद आहे. त्या कपाटाची किल्ली मागणे हा लोकांचा हक्क आहे आणि तो त्यांनी आता बजावला पाहिजे.